शनिवारच्या सूचना

टाळ्या तीनच वाजल्या, आणि इतक्या एकसारख्या वाजल्या की पहिल्या क्षणी कोकिळेला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. हायस्कूलच्या पटांगणात साडेतीनशे मुलगे वर्गवार उभे होते. व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर हेडमास्तर भगवंतराव सूचनांची वही डाव्या तळहातावर उघडी धरून वाचत होते. शाळेचा हॉकीचा संघ अकोल्याला एका गोलनं जिंकला, कप्तानाचं नाव, टाळ्या. संस्कृतची शिष्यवृत्ती दहावीतल्या अमक्याला, टाळ्या. माजी विद्यार्थी तमका जंगल खात्यात नेमला गेला, टाळ्या. मग त्यांनी पान उलटलं आणि आवाजाची पट्टी न बदलता वाचलं की शाळेचे भूगोल व इंग्रजीचे शिक्षक श्री. नारायणराव यांचं गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला अल्प आजारानं देहावसान झालं. आणि टाळ्या वाजल्या. एक, दोन, तीन. पुढच्या रांगेतला एक उंच मुलगा तिसरी टाळी वाजवता वाजवता थबकला, त्याचे तळवे एकमेकांना चिकटूनच राहिले, जणू नमस्कार करतोय. बाकीचे समोर बघत उभे. भगवंतरावांनी चष्म्यावरून एकदा पटांगणाकडे पाहिलं, कोकिळेकडे पाहिलं नाही, आणि पुढची सूचना वाचली: वरील जागा रिकामी झाल्यानं योग्य उमेदवारांचे अर्ज मागवण्यात येत आहेत, पदवीधर व शिक्षणशास्त्राचं प्रशिक्षण घेतलेला असावा, शेवटची तारीख वीस ऑगस्ट. या सूचनेत नाव नव्हतं. म्हणून टाळ्या वाजल्या नाहीत.

तिला व्हरांड्यात हेडमास्तरांच्या उजव्या हाताला खुर्ची दिली होती. पाहुण्यांची खुर्ची, बैठकीवर मखमल, मखमलीचा मधला भाग घासून करडा झालेला. बाबांचं, नारायणरावांचं, तेरावं होऊन सात दिवस झाले होते. शाळेत एकदा यावं, मुलांसमोर दोन शब्द बोलले जातील, असा निरोप आला होता म्हणून ती आली. दोन शब्द म्हणजे ते वाक्य. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तळहाताची आग होतेय, जणू टाळ्या तिनंच वाजवल्या. राग यायला वेळ लागला. राग आला तेव्हा तो कुणावर करावा हे तिला ठरवता येईना, कारण टाळ्यांची ही रीत शाळेला बाबांनीच लावली होती.

तेवीस वर्षांपूर्वी ते इथं लागले तेव्हा शनिवारी मोठ्या जमीनदाराच्या पोराचं नाव निघालं की पटांगण दणाणायचं, आणि तेच एखाद्या मळेकऱ्याच्या पोराचं निघालं की पाचसहा हात चुकूनमाकून वाजायचे. वडनेर भोलजीचा तुळशीराम म्हणून एक मुलगा होता, घरी वांगी-मिरच्यांचा मळा. तो जिल्ह्यात पहिला आला त्या शनिवारी पुढच्या दोन रांगा हात बांधून उभ्या राहिल्या. बाबा स्वतः पिंपळगाव राजाच्या शेतकरी घरातले, आपल्या वाट्याची जमीन भावाकडे सोडून शिकलेले. त्यांनी कुणाला काही सुनावलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितलं, नाव निघालं की तीन टाळ्या, सगळ्यांच्या, सगळ्यांना. कमी नाहीत, जास्त नाहीत. महिनाभर त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं ती कवाईत करून घेतली. मग इशाऱ्याची गरज उरली नाही. पुढं टाळ्या कुणासाठी हे ऐकायचीही गरज उरली नाही. कान नाव टिपायचा आणि हात वाजायचे. बाबांना याचा अभिमान होता. घरी जेवताना ते म्हणायचे, आता या शाळेत कुणाच्या नावाला कमी टाळ्या पडत नाहीत. समोर बसलेल्या कोकिळेला तेव्हाही वाटायचं, जास्तही पडत नाहीत ना, बाबा.

कारण तिचं नाव त्यांनीच वाचलं होतं. बारा वर्षं झाली; तेव्हा शनिवारच्या सूचना बाबाच वाचायचे. मुलींची वेगळी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं ती या हायस्कुलात आली आणि सात वर्षं दाराजवळच्या वेगळ्या बाकावर एकटी बसली. मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाला. त्या शनिवारी सकाळी तिनं दोनदा वेणी घातली. बाबा याच पायरीवर उभे राहिले, तिच्या आधीच्या चार मुलांची नावं वाचली, तिचं वाचलं, पहिला वर्ग म्हणाले. मान वर केली नाही. तीन टाळ्या. आणि श्वासही न घेता पटवारी शाळेच्या प्रवेशाची सूचना, मग रेल्वेत तारबाबूंच्या जागा, वयाची अट अठरा ते बावीस. त्या दिवशी ते घरीसुद्धा काही बोलले नाहीत. पोळी खाल्ली, सायकल काढली आणि सात मैलांवर नापास झालेल्या एका मुलाच्या बापाला भेटायला गेले, तो पोराला मारेल म्हणून. अंधार पडता परत आले. ती ओट्यावर बसून होती. तिला वाटलं आता तरी म्हणतील. ते म्हणाले, "नाही मारलं त्यानं." एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. पुढं तिनं नागपूरला बी. ए. केलं, जबलपूरला ट्रेनिंग केलं, इंग्रजीतून मिळतील तितक्या कादंबऱ्या वाचल्या, आणि त्यांतल्या बापांनी मुलींशी बोललेली लांबच्या लांब वाक्यं वाचताना तिला दर वेळी ते तीन शब्द आठवायचे.

मुलं पांगल्यावर भगवंतरावांनी तिला आपल्या खोलीत नेलं. भगवंतराव पुण्याचे, आठ वर्षांपूर्वी आलेले; ज्या जागेवर आले ती जागा बाबांची व्हायची होती असं गावात सगळे म्हणत, बाबा सोडून. तिच्यासमोर चहा आला. तो तिनं घेतला नाही. बाबांबद्दल ते बरंच काही बोलले, सगळं नेटकं. उच्चार मात्र त्यांनी शेवटपर्यंत वऱ्हाडीच ठेवले, असं हसून म्हणाले, जणू मृताचा एक लोभस दोष सांगताहेत. मग कामाचं निघालं. बाबांनी हातानं काढलेले वऱ्हाडचे आणि हिंदुस्थानचे भिंतीवरचे नकाशे घरी असतील, ते शाळेत आणून द्यावेत. कापड शाळेचं होतं. नवीन माणसाला लागतील.

"मुलांनी टाळ्या वाजवल्या," कोकिळा म्हणाली.

"हो. चुकलं पोरांचं. सवय."

"तुम्ही थांबवलं नाही."

"थांबवलं असतं तर चूक सगळ्यांच्या ध्यानात आली असती. आता चारदोघांच्याच आली." त्यांनी आपला चहा बशीत ओतला. "तुमच्या आली, त्याला इलाज नव्हता."

ते वाक्य तिला आवडलं, म्हणजे त्यातला थंडपणा तिला ओळखीचा वाटला, आणि म्हणूनच पुढचं ती न अडखळता बोलू शकली. नवीन माणूस म्हणून मी अर्ज करणार आहे, ती म्हणाली. पदवी आहे, ट्रेनिंग आहे, अकोल्याला मुलींच्या शाळेत सहा वर्षं भूगोल शिकवतेय. भगवंतरावांना धक्का बसला नाही. उलट त्यांचा चेहरा मऊ झाला, एखाद्या हुशार मुलानं अवघड पण बिनकामाचा प्रश्न विचारल्यावर व्हावा तसा. ते म्हणाले, तुमचं नाव मी दर वर्षी स्नेहसंमेलनात घेतो. या शाळेची पहिली पदवीधर विद्यार्थिनी. अहवालात तुमचं नाव पहिल्या पानावर असतं. ते खरं होतं. अहवालाची प्रत दर वर्षी टपालानं अकोल्याला यायची. पण, ते पुढं म्हणाले, मॅट्रिकचे वर्ग, वयात आलेली मुलं, आणि कमिटीतले लोक खेड्यापाड्यांतले. नागपूरला नवे मंत्री आले म्हणून इथं लगेच सगळं बदलत नाही. बोलता बोलता ते उठले, कपाटातून एक फाईल काढली, एक कागद तिच्या बाजूला फिरवून पुढं सरकवला. आणि माझं सोडा, म्हणाले. हे वाचा.

बाबांचं अक्षर तिला वाचण्याआधी दिसलं, गोल, सुटं, दोन ओळींत उगाच जास्त अंतर. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली. इंग्रजीच्या दुसऱ्या शिक्षकाची जागा निघाली होती आणि कमिटीतल्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. बाबांनी लिहिलं होतं: कुमारी कोकिळा ही माझी मुलगी आहे. मी या शाळेच्या नोकरीत असेपर्यंत तिच्या नावाचा विचार होऊ नये ही विनंती. पुढं एक ओळ सोडून: माझा विद्यार्थी इंद्रभान हा ट्रेनिंग पुरं करून आल्यावर अशा जागेस सर्वथा लायक ठरेल. खाली सही.

तिनं ते तीनदा वाचलं. खोलीत खडूचा आणि ओल्या पायपुसण्याचा वास होता. कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. दोन वर्षांपूर्वी. जूनमध्ये.

"वडिलांची इच्छा स्पष्ट आहे," भगवंतराव म्हणाले.

"ती ते नोकरीत असेपर्यंतची आहे."

"खरंय. पण कोकिळाबाई, पुढची त्यांना आता कोण विचारणार?"

घरी येताना ती बाजारातून न येता मागच्या रस्त्यानं आली. बाजारातून आलं असतं तर लोकांनी थांबवून हळहळ केली असती, आणि आज तिला कुणाची हळहळ अंगावर घ्यायची नव्हती. त्या जूनमध्ये ती कुठं होती? अकोल्यात, एका खिडकीच्या खोलीत. खिडकीखाली लाकडाची वखार. सकाळी सहाला करवत सुरू व्हायची. त्याच जूनमध्ये बाबा एकदा येऊन गेले होते. खोलीत खुर्ची एकच, ती तिनं पुढं केली, पण ते ट्रंकेवर बसले. पाणी कसं आहे इथलं, त्यांनी विचारलं. बरं आहे, ती म्हणाली. मग तिनं कधी नव्हे ते सांगितलं होतं, की कंटाळा आलाय, रात्री जेवायला बसलं की समोर कुणी नसतं, घराजवळ काही मिळालं तर बरं. त्यांनी ऐकलं. खिडकीतून खाली बघत म्हणाले, होईल सवय. म्हणजे तेव्हा ते पत्र लिहून आले होते, किंवा परत जाऊन लिहिणार होते. दोन्हींपैकी काय वाईट, हे तिला चालता चालता ठरवायचं होतं, आणि ठरत नव्हतं. लिहून आले असतील तर त्यांच्या खिशात ते वाक्य होतं आणि ते ट्रंकेवर बसून पाण्याची चौकशी करत होते. परत जाऊन लिहिलं असेल तर तिचं जेवणाचं ताट त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी लिहिलं. दोन वर्षं. सातशे दिवस ती या घरात राहू शकली असती. खोकला सुरू झाला तेव्हा इथं असती. तार मिळून, शेगावला उतरून, सर्व्हिस मोटारीत दोन तास मागच्या फळीवर बसून ती पोचली तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं. लोक म्हणाले, मास्तर फार सरळ माणूस. सरळ होतेच. त्यांनी स्वतःच्या मुलीला एक टाळी जास्त पडू दिली नाही. पण त्या हिशेबात आपल्या मुलीला एक टाळी कमी पडली, हे त्यांना कधी ऐकू आलं असेल का?

आत्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. अंबूबाई, बाबांची थोरली बहीण. कोकिळेची आई गेल्यापासून याच घरात. शाळेत काय झालं ते तिनं विचारलं आणि कोकिळेनं टाळ्यांचं सांगितलं. पत्राचं सांगितलं नाही.

"मेल्यावर टाळ्या वाजवल्या? काय वो बाप्पा हे पोट्टे." आत्यानं सुपातला खडा शोधून काढला आणि लांब फेकला. मग सूप पुन्हा हलवत म्हणाली, "त्याले आवडलं असतं पण. सगळ्याइले जेवढ्या, तेवढ्याच त्याले."

कोकिळा आत गेली. हे खरं होतं, आणि त्याचाच तिला संताप आला. बाबांना आवडलं असतं. त्यांना सगळं आवडलं असतं. भगवंतरावांचं बशीत चहा ओतणंही त्यांनी नियमाला धरून आहे म्हणून मान्य केलं असतं. तिनं त्यांच्याच टेबलाशी बसून अर्ज लिहिला. एका बैठकीत, खाडाखोड न करता. जागा मागताना नेहमी करावी लागते तशी नम्रता तिनं त्यात घातली नाही. जे होतं ते लिहिलं: पदवी, वर्ग, वर्षं. पाकिटावर अकोल्याच्या आपल्या मुख्याध्यापिकेचा पत्ता घातला, कारण नोकरीत असलेल्या माणसाचा अर्ज वरिष्ठांच्या हातूनच यावा लागतो. सोमवारच्या टपालात टाकायचं म्हणून पाकीट शब्दकोशात ठेवलं.

रविवारी तिसऱ्या प्रहरी इंद्रभान आला. वडनेरहून सायकलवर, पायजम्याची एक बाजू साखळीच्या तेलानं काळी झालेली. हा त्या तुळशीरामचा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी बाबांनी काय काय केलं हे तिला पाठ होतं, कारण दर सुट्टीत तेच ऐकावं लागे: फी माफ करून घेतली, शिष्यवृत्तीची सूचना आली त्या दिवशी त्याला शोधत मळ्यावर गेले, बी. ए.ची पुस्तकं दिली, ट्रेनिंगला पाठवलं. आता तो जिल्हा कौन्सिलच्या शाळेत होता. तो आत आला, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून खाली सतरंजीवर बसला आणि रडला. आवाज न करता, उपरण्याचा बोळा तोंडावर दाबून. खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर कोकिळेला सोपं गेलं असतं. तिला या तेरा आणि आठ दिवसांत असं रडता आलं नव्हतं, आणि हा परका माणूस तिच्या घरात बसून तिच्या वाटणीचं रडत होता.

आत्यानं त्याला पाणी दिलं. तो बोलू लागला. टाळ्यांचं त्याच्या कानावर गेलं होतं. ते सोडून त्यानं मास्तरांच्या शेवटच्या दिवसांचं विचारलं. जेवत होते काय, कोणाची आठवण काढली काय. आत्यानं सांगितलं, तुह्यीच काढली होती, तो पोट्टा आला नाई म्हणे. हे कोकिळेनं पहिल्यांदा ऐकलं. आपली काढली का, हे तिनं आत्याला आजवर विचारलं नव्हतं. आता विचारता येणार नव्हतं.

मग इंद्रभाननं खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"ताई, एक काम होतं. मले लाज वाटून राह्यली इचाराले. पण आजवर मास्तरनं पाह्यल्याशिवाय म्या एक अर्ज कोठी धाडला नाई." त्यानं कागद सतरंजीवर सरळ केला. "त्याइच्या जागेसाठी हाय. त्याइनंच सांगतलं होतं, माह्या मागं तू ये म्हणून. तुमी एकडाव नजर घाला. इंग्रजी चुकली तं हासतील मले तिथं."

"तुम्हाला ठाऊक आहे मीही अर्ज करतेय?"

त्याला ठाऊक नव्हतं. "मंग मी नाई करत," तो म्हणाला. लगेच, विचार न करता. ती उदारता तिच्या अंगावर काट्यासारखी आली. बाबांच्या जागेवर बसायची परवानगी तिनं याच्याकडून घ्यायची होती तर.

"करा," ती म्हणाली. "दोघांचेही जाऊ द्या. बघू दे त्यांना."

तिनं टेबलावरची लाल पेन्सिल घेतली आणि अर्ज वाचू लागली. एके ठिकाणी काळ चुकला होता, तो दुरुस्त केला. दोन वाक्यं लांबली होती, ती तोडली. बाबांनी दिलेलं प्रशस्तिपत्र त्यानं शेवटी घातलं होतं, ते वर घ्या म्हणाली. मन लावून केलं. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बापाचीच मुलगी. आणि सगळ्यात वर डाव्या कोपऱ्यात, जिथं त्याच्या शाळा-निरीक्षकामार्फत असं यायला हवं होतं, तिथं कोरी जागा होती. त्यानं अर्ज थेट भगवंतरावांच्या नावानं केला होता. उद्या स्वतः नेऊन देतो म्हणत होता. असे थेट आलेले चार अर्ज भगवंतरावांनी गेल्या साली न वाचता बाजूला ठेवले होते. बाबांनीच सांगितलं होतं, वाईट वाटून, की चांगली पोरं होती, एका ओळीपायी गेली. निरीक्षकाची सही मिळायला आठदहा दिवस लागतात. आज सांगितलं तर वीस तारखेच्या आत होण्यासारखं होतं. पेन्सिलीचं टोक तिनं त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. कागदावर एक बारीक लाल ठिपका उमटला. तेवढाच.

"बराबर हाय काय, ताई?"

"इंग्रजी शुद्ध आहे," कोकिळा म्हणाली.

त्यानं कागदाची घडी दोन्ही हातांनी घातली. आत्याला खाली वाकून नमस्कार केला, दारात वहाणा घातल्या, आणि दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत म्हणून काही न म्हणता सायकल ओट्यावरून खाली उतरवली. कोकिळा दाराशी उभी होती. गल्ली लांब होती. कोपऱ्यावरच्या विहिरीपर्यंत त्याची पाठ दिसत राहणार होती, आणि त्याला सायकल हळू चालवायची सवय होती. तिनं तोंड उघडलं. जाणाऱ्याला अशा घरातून मागून हाक मारू नये म्हणतात. असलं काही तिनं आयुष्यात कधी मानलं नव्हतं. तेरा दिवसांतले निम्मे विधी तिनं वाद घालून बंद पाडले होते. विहिरीपाशी एक बाई घागर डोक्यावर घेऊन उभी होती, तिच्यासाठी तो थांबला, पाय टेकला. मग वळला.

"काय म्हणे तो?" आतून आत्यानं विचारलं.

"अर्ज दाखवायला आला होता."

"लागते काय त्याले ते जागा? लय आस होती नारायणची."

"अर्ज चांगला आहे," कोकिळा म्हणाली, आणि आत येऊन शब्दकोशातून आपलं पाकीट काढून ओल्या बोटानं चिकटवलं.